एकच मुद्दा, अनेक माध्यमे: प्रचाराचा निरोप मतदारापर्यंत कसा पोहोचतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण एका उमेदवाराच्या प्रसिद्धीचे काम प्रथमच अंगावर घेतले आहे, सभा, वर्तमानपत्रे, वृत्तवाहिन्या, व्हॉट्सॲप आणि रील या सगळ्यांसाठी एकच मजकूर करावा की प्रत्येकासाठी वेगळा, आणि पैसा बेताचा असेल तर भर कशावर द्यावा. मी आधी जिल्हा वार्ताहर म्हणून आणि नंतर निरनिराळ्या पक्षांच्या उमेदवारांची प्रसिद्धी पडद्यामागून सांभाळत या कामात बराच काळ काढला आहे, त्या आधारावर उत्तर देतो. उदाहरणे महाराष्ट्रातील आणि सर्व बाजूंची घेतली आहेत. कोणाचे राजकारण योग्य हा येथे विषय नाही.

मुद्दा एकच ठेवावा आणि मजकूर माध्यमागणिक बदलावा, हे उत्तर कोणीही देईल. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण ही माध्यमे आपापल्या जागी सुटी बसलेली नसतात, ती एकमेकांकडून माल उचलतात. सभेतले वाक्य वाहिनी उचलते, वाहिनीची क्लिप व्हॉट्सॲपवर येते, फिरलेल्या क्लिपची दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होते आणि त्या बातमीचे कात्रण पुन्हा व्हॉट्सॲपवर येते. प्रत्येक टप्प्यावर काही गळते आणि काही नवे चिकटते. तासाभराच्या भाषणातून शेवटी दहा-बारा सेकंद उरतात. ते कोणते उरावेत हे आपण आधी ठरवले नाही, तर ते वाहिनीचा संपादक ठरवतो, आणि त्याच्याही आधी विरोधकांच्या गटातला मोबाइल घेऊन बसलेला मुलगा ठरवतो. म्हणून माझ्या मते प्रसिद्धीप्रमुखाचे मुख्य काम मजकूर लिहिणे हे नसून निरोप एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना त्याचा कोणता भाग शाबूत राहील याची तजवीज करणे हे आहे.

ही तजवीज मोबाइलबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही. 1881 साली ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा वाचता येणारे थोडे होते, तरी एक अंक अनेकांना वाचून दाखवला जात असे, आणि 1893 पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळे आणि व्याख्याने यांनी अग्रलेखातला विचार अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत नेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढला होता. पण महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च 1927 मध्ये झाल्यावर अवघ्या दोन आठवड्यांत, 3 एप्रिल 1927 रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाला. महाडला काय घडले आणि का घडले याची आपल्या बाजूची नोंद दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांवर सोडून चालणार नव्हते. कृती एका माध्यमात आणि तिचा अर्थ दुसऱ्या माध्यमात, ही विभागणी तेव्हापासून आपल्याकडे आहे.

आता अलीकडचे एक उदाहरण जरा जवळून पाहू. 18 ऑक्टोबर 2019 रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर शरद पवारांची सभा होती. उदयनराजे भोसले राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेल्यामुळे लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती आणि आदल्याच दिवशी साताऱ्यात पंतप्रधानांची सभा झाली होती. पवार बोलायला उभे राहिले तेव्हा पाऊस सुरू होता. ते भिजत बोलत राहिले आणि समोरचा श्रोताही उठला नाही. त्या भाषणात त्यांनी उमेदवार निवडताना आपल्याकडून चूक झाल्याचे सांगितले आणि ती दुरुस्त करण्याचे आवाहन केले. मैदानात हजर असणाऱ्याला ते संपूर्ण भाषण मिळाले. बाहेर गेले ते एक छायाचित्र आणि काही सेकंदांची चित्रफीत. छायाचित्रात मुद्दा नव्हता, आकडेवारी नव्हती, विरोधकाचे नावही नव्हते. जवळपास एकोणऐंशीच्या घरातला एक माणूस पावसात उभा आहे एवढेच होते. रात्रीतून ते मोबाइलवर पसरले, 19 तारखेच्या वर्तमानपत्रांत आले, त्याच दिवशी सायंकाळी जाहीर प्रचार संपला, आणि 21 तारखेच्या मतदानापर्यंत इतर सगळे भोंगे बंद असताना ते एक चित्र लोकांच्या हातात राहिले. राष्ट्रवादीचे उमेदवार श्रीनिवास पाटील सुमारे 87 हजार मतांनी निवडून आले. पावसामुळे निवडणूक जिंकली असे मी म्हणणार नाही. त्यामागे पक्षांतराबद्दलची नाराजी आणि जिल्ह्यातील जुनी संघटना होती. मला दाखवायचे आहे ते इतकेच की चित्र पसरले ते लोकांच्या मनात आधीच असलेली गोष्ट त्याने एका नजरेत सांगितली म्हणून. त्यानंतर अनेक नेत्यांनी मुद्दाम पावसात भाषणे केली, आणि त्यातली कोणालाही आठवत नाहीत.

त्याच वर्षीचे उलटे उदाहरणही लक्षात ठेवावे. लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरे यांनी व्यासपीठावर मोठा पडदा लावून सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे आणि जाहिराती दाखवल्या, आणि मेळघाटातील हरिसाल या ‘डिजिटल गावा’च्या जाहिरातीतला दावा आणि तिथली प्रत्यक्ष परिस्थिती शेजारी शेजारी ठेवली. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे तीन-चार शब्द घराघरात गेले. तंत्राच्या दृष्टीने त्या सभा अव्वल होत्या, कारण त्या सभा आणि दूरचित्रवाणी कार्यक्रम एकाच वेळी होत्या आणि वाहिन्यांना कापाकापीही करावी लागत नव्हती. पण त्यांचा पक्ष, मनसे, ती निवडणूक लढवतच नव्हता. ऐकणाऱ्याला राग आला, हसू आले, पटलेही; मग बटण कोणते दाबायचे, त्या उमेदवाराचा माणूस आपल्या गल्लीत कोण, याचे उत्तर त्या पडद्यावर नव्हते. सत्ताधारी भाजप-शिवसेना युतीला राज्यात 48 पैकी 41 जागा मिळाल्या. लोकप्रियता आणि मत यांच्यामधला हा रस्ता संघटनेने चालायचा असतो, तो चित्रफितीने चालता येत नाही.

वर्तमानपत्राबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण नवे लोक त्याला एकतर मोडीत काढतात किंवा त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवतात. ग्रामीण भागात जाणारी डाक आवृत्ती शहराच्या आवृत्तीच्या कितीतरी आधी छपाईला जाते. त्यामुळे सायंकाळी सातची सभा असेल तर तिची प्रेसनोट दुपारी चारलाच तयार असते, आणि तिच्यात उमेदवार ‘म्हणाले’ असतात, जरी ते अजून घरूनही निघालेले नसतात. हे लबाडीचे वाटेल, पण त्याशिवाय ज्या गावात सभा झाली त्याच गावाला दुसऱ्या दिवशी बातमी वाचायला मिळत नाही. याचा एक चांगला परिणाम असा की प्रेसनोट आधी लिहावी लागल्यामुळे आजच्या सभेचा एक मुद्दा कोणता, हे दुपारीच ठरवावे लागते. फक्त उमेदवाराला ती नोट वाचायला द्यावी आणि व्यासपीठावर त्याने तेवढे वाक्य उच्चारले आहे ना, हे मागे उभे राहून ऐकावे.

प्रेसनोटमध्ये सर्वांत बारकाईने वाचली जाणारी ओळ कोणती, असे मला कोणी विचारले तर मी शेवटची सांगेन: ‘यावेळी अमुक, अमुक, अमुक उपस्थित होते.’ शहरातला वाचक ती ओळ सोडून देतो. तालुक्यात मात्र कोणत्या सोसायटीचा चेअरमन, कोणत्या गावचा माजी सरपंच, कोणत्या भावकीतला कोण व्यासपीठावर होता, यावरून गावकारभारी वारे ओळखतात. एखादे नाव गळले तर सकाळी साडेसहाला फोन येतो, आणि तो फोन करणारा माणूस दुपारपर्यंत दुसऱ्या गटाच्या चहाला बसलेला असतो. म्हणून नावांची यादी मी कोणत्याही नवख्या मुलाकडून करून घेत नाही. वर्तमानपत्र आज मतदाराला नवी बातमी देत नाही, ती त्याला रात्रीच कळलेली असते. ते बातमीवर शिक्का मारते. छापून आले म्हणजे झाले, हा विश्वास ग्रामीण भागात अजून टिकून आहे. नेमका तोच विश्वास विकायला काढला गेला, तेव्हा ‘पेड न्यूज’चा, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या प्रचाराचा, प्रश्न उभा राहिला. 2009 च्या निवडणुकांनंतर त्यावर देशभर चर्चा झाली, ज्यात महाराष्ट्राचे नाव ठळक होते; प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये अहवाल दिला, आणि 2011 मध्ये उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना असा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल निवडणूक आयोगाने अपात्र ठरवले. आपल्या उमेदवाराला कोणी ‘पॅकेज’ देऊ केले तर हे प्रकरण त्याला अवश्य सांगा. शिवाय एकाच दिवशी तीन दैनिकांत शब्दशः सारखी छापून आलेली स्तुती वाचकालाही ओळखू येते.

वृत्तवाहिन्यांचे गणित वेगळे आहे. 2007-08 च्या सुमारास मराठीत चोवीस तासांच्या बातम्यांच्या वाहिन्या आल्या, आणि त्यांना दिवसभर भरायला मजकूर लागू लागला. सकाळचे तास तर अगदी मोकळे असतात. ‘सामना’चा अग्रलेख गेली अनेक वर्षे सकाळच्या पट्टीवर बातमी म्हणून येतो तो यामुळेच, जितके लोक तो अंक विकत घेतात त्याच्या कैक पटीने लोकांना तो वाहिन्यांमुळे कळतो. संजय राऊत यांची रोजची सकाळची पत्रकार परिषदही याच जागेवर बसलेली आहे. सकाळी दहापर्यंत एक धारदार वाक्य दिले की त्यावर दुसऱ्या पक्षाची प्रतिक्रिया, त्या प्रतिक्रियेवर तिसऱ्याची, आणि सायंकाळी त्यावरच चर्चा, असा दिवस आपोआप लागतो. विरोधक त्याची टिंगल करतात, पण दुपारपर्यंत त्यालाच उत्तर देत असतात, हे पाहिले की पद्धत लक्षात येते.

मात्र आपला उमेदवार राज्य पातळीवरचा नेता नसेल तर वाहिन्यांमागे धावू नका. चर्चेचे कार्यक्रम मुख्यतः कार्यकर्ते, पत्रकार आणि इतर पक्षांचे प्रवक्ते पाहतात. काठावरचा मतदार त्या वेळी मालिका नाहीतर क्रिकेटचा सामना पाहत असतो. वाहिनीचा उपयोग स्थानिक उमेदवाराला एकाच बाबतीत होतो. स्ट्रिंगरच्या, म्हणजे वाहिनीच्या स्थानिक बातमीदाराच्या, बूमसमोर (माइकसमोर) दिलेले वीस सेकंदांचे उत्तर वाहिनीच्या बोधचिन्हासह हाती आले की ते पक्षाने स्वतः बनवलेल्या चित्रफितीपेक्षा अधिक विश्वासाने पुढे पाठवले जाते. म्हणूनच वाहिन्यांच्या नावाने बनावट पाट्या, म्हणजे पडद्यावरच्या बातमीसारखी दिसणारी चित्रे, तयार करण्याचा धंदाही जोरात असतो, आणि अशी पाटी आपल्याविरुद्ध फिरू लागली तर त्या वाहिनीकडूनच तासा-दोन तासांत खुलासा मिळवणे हे आपल्या खुलाशापेक्षा दहापट उपयोगाचे ठरते.

रेडिओचे थोडक्यात. खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे तिथे फक्त जाहिरात उरते, आणि ती शहरी मतदारसंघात, गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडीफार उपयोगी पडते. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो, पण तो पक्षाला मिळतो, आपल्या उमेदवाराला नव्हे.

व्हॉट्सॲपबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत, आणि सर्वाधिक पैसाही इथेच वाया जातो. हजारो क्रमांकांची यादी विकत घेऊन एका वॉर रूममधून, म्हणजे प्रचाराच्या मध्यवर्ती कक्षातून, संदेश सोडण्याचा काळ मागे पडला आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. देशभरात अशा घटना घडत होत्या आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल 2020 पासून वारंवार पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ब्रॉडकास्ट लिस्टमधला, म्हणजे एकाच वेळी अनेकांना स्वतंत्रपणे पाठवलेला, निरोपही ज्याने आपला क्रमांक मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यालाच मिळतो. याचा अर्थ असा की वॉर रूमच्या अनोळखी क्रमांकाला जवळपास काहीच किंमत नाही, आणि ज्याचा क्रमांक गावातल्या दोनशे लोकांकडे ‘बापू दूध डेअरी’ किंवा ‘मॅडम अंगणवाडी’ या नावाने जतन केलेला आहे, त्याच्या एका संदेशाला फार मोठी किंमत आहे.

शिवाय मतदार ज्या गटांत खरोखर बोलतो ते गट राजकीय नसतात. भावकीचा गट, दहावीच्या बॅचचा गट, बचत गटाचा, इमारतीच्या सोसायटीचा, द्राक्ष बागायतदारांचा, भजनी मंडळाचा. बहुतेकांत ‘राजकीय पोस्ट टाकू नये’ असा ॲडमिनचा नियम असतो. तिथे पक्षाचे बोधचिन्ह असलेले पत्रक आले की ते काढले जाते आणि टाकणाऱ्याला समज मिळते. मात्र ‘पाणीपुरवठा योजनेचे काम कुठवर आले’ याची चार ओळींची माहिती, ओळखीच्या माणसाने आपल्या आवाजात पाठवलेली, तिथे राहते आणि तिच्यावर बोलणे होते. आमच्याकडे यश मोजण्याची एक साधी कसोटी आहे: आपण सोडलेला संदेश पक्षाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडून आपल्याला परत आला का? आला, तर तो पोहोचला. पाहणाऱ्यांचे आकडे एजन्सी हवे तेवढे दाखवते, आणि त्यातले निम्मे लोक आपल्या मतदारसंघातले नसतात. रीलच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे: नाशिकच्या उमेदवाराची रील नागपुरात आणि दुबईत लाखांनी पाहिली जाते, आणि नाशिकच्याच सिडको भागातल्या ज्या मतदाराने ती पाहायला हवी त्याच्यापर्यंत ती जातच नाही. तरीही पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांशी ओळख करून देण्यापुरती रील उपयोगी आहे, एवढे मान्य करतो.

निरोप माध्यमे ओलांडताना कसा पार बदलून जातो, याचे अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण 2024 च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. ‘चारसौ पार’ ही भाजपची स्वतःची घोषणा होती. सभेत ती कार्यकर्त्यांचा उत्साह वाढवत होती आणि वाहिन्यांवर ती विजय ठरलेलाच आहे असे सुचवत होती. मार्च महिन्यात कर्नाटकातील भाजपचे तत्कालीन खासदार अनंतकुमार हेगडे यांनी संविधानात बदल करण्यासाठी एवढ्या जागा हव्यात अशा अर्थाचे विधान केले. पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगून हात झटकले. पण ती चित्रफीत मोबाइलवर आली, आणि महाराष्ट्रातील दलित वस्त्यांमध्ये, बुद्धविहारांतील बैठकांत, आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांत घोषणा आणि विधान एकत्र ठेवले गेले. आता ‘चारसौ पार’चा फलक जिथे जिथे लागत होता, तिथे तो विरोधकांच्याच आरोपाचा पुरावा म्हणून वाचला जात होता, आणि त्याचा खर्च भाजप करत होती. निकालानंतर देवेंद्र फडणवीस आणि महायुतीतील इतर नेत्यांनी याला ‘फेक नॅरेटिव्ह’ म्हटले. खोटे की खरे हा वाद बाजूला ठेवला तरी प्रसिद्धीच्या दृष्टीने त्यात एक मोठी उणीव होती. खुलासे वाहिन्यांवर आणि सभांमध्ये होत राहिले, तर शंका घरगुती बैठकांत आणि वस्तीत पसरत होती. ज्या वाटेने शंका गेली त्या वाटेने उत्तर गेले नाही. महाविकास आघाडीला तेव्हा 48 पैकी 30 जागा मिळाल्या. अर्थात कांदा, सोयाबीनचे भाव आणि मराठा आरक्षण हेही त्यात होतेच.

पाचच महिन्यांनी विधानसभेला उलट चित्र दिसले, आणि त्यात ज्याला आपण माध्यम म्हणतही नाही अशा एका गोष्टीने मोठे काम केले. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जूनअखेरच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. फ्लेक्स, जाहिराती, रील सगळे झाले. परंतु अर्ज भरताना बाईला भेटली ती गावातली अंगणवाडी सेविका, आणि ऑगस्टच्या मध्यावर, रक्षाबंधनाच्या तोंडावर, दोन महिन्यांचे तीन हजार रुपये जमा झाल्याचा बँकेचा एसएमएस तिच्या मोबाइलवर आला. त्या एका ओळीच्या संदेशावर विश्वास ठेवावा की नाही असा प्रश्नच नव्हता. शेजारणीलाही तो आला की नाही, एवढीच चौकशी होत होती. बँकेच्या दारात, आधार जोडणीच्या रांगेत, ही चर्चा कोणत्याही कोपरा सभेपेक्षा जास्त झाली. श्रेय कोणाचे यावर मात्र महायुतीतच चुरस होती; अजित पवारांच्या पक्षाने काही जाहिरातींत योजनेच्या नावातला ‘मुख्यमंत्री’ हा शब्द गाळला आणि शिंदे गटाने त्यावर नाराजी व्यक्त केली, ती उगाच नव्हे. विरोधकांनी पुढे दरमहा तीन हजारांचे वचन दिले, पण एकीकडे जाहीरनाम्यातला आकडा आणि दुसरीकडे खात्यात आलेली रक्कम, अशी ती तुलना होती. महायुतीला 288 पैकी 230 जागा मिळाल्या. विजयाची इतर कारणे होती, पण लाभार्थ्याच्या हातातला पुरावा हे माध्यम म्हणून किती प्रबळ असते ते यातून कळते. आपला उमेदवार सत्तेत नसेल तर हे माध्यम त्याच्याकडे नाही. पण त्याने मंजूर करून आणलेला दाखला, मिटवलेला वाद, रुग्णालयात मिळवून दिलेली खाट, हे त्याच जातीचे पुरावे आहेत आणि ते ज्यांना मिळाले त्यांनीच बोलायचे असते.

कायद्याच्या बाजूने चार गोष्टी पाठ असू द्याव्यात. दूरचित्रवाणी, रेडिओ, केबल, समाजमाध्यमे आणि एकगठ्ठा एसएमएस यांवरील जाहिरात आधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन आणि सनियंत्रण समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. उमेदवाराने त्यासाठी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो, त्यामुळे आयत्या वेळची ‘जबरदस्त’ कल्पना बहुधा कागदावरच राहते. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येणाऱ्या जाहिरातींनाही हे प्रमाणन लागते. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेतच. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 2022 पासून 40 लाख आणि लोकसभेची 95 लाख आहे, आणि खर्च निरीक्षकाकडे चहापासून खुर्चीपर्यंत सगळ्याचे दरपत्रक असते. ‘हितचिंतक’ म्हणून कोणी चालवलेल्या फेसबुक पानावरची पैसे देऊन केलेली जाहिरातही आपल्या गळ्यात पडू शकते. ती वेळीच थांबवणे किंवा हिशेबात घेणे, हे दोनच मार्ग आहेत.

आता पैशाचे. ग्रामीण विधानसभा मतदारसंघ गृहीत धरून सांगतो. मोठ्या नेत्याची एक सभा घ्या, ती मतदारांपेक्षा आपल्याच कार्यकर्त्यांना धीर देण्यासाठी आणि कुंपणावरच्या गावकारभाऱ्यांना इशारा देण्यासाठी असते. बाकीचा पैसा कोपरा सभा, प्रचारफेऱ्या आणि गावोगावच्या माणसांच्या येण्याजाण्यावर जाऊ द्या. वर्तमानपत्रात मोठ्या जाहिराती एक-दोनच, त्याही शेवटच्या टप्प्यात. चित्रफिती करण्यासाठी पुण्या-मुंबईची एजन्सी लावण्याऐवजी बोलीभाषा जाणणारी, तालुक्यातच राहणारी दोन मुले ठेवा. त्यांच्या चित्रफितीत आवाज थोडा खरखरेल, पण नदीचे नाव चुकणार नाही. फ्लेक्स लागतातच, कारण ते नाही लागले तर उमेदवार ढिला पडला अशी हाकाटी होते; त्यांचे तेवढेच काम आहे. एक जबाबदार माणूस मात्र दिवसभर केवळ ऐकण्यासाठी नेमा: कोणत्या गावात काय बोलले जात आहे, कोणती क्लिप कुठून येत आहे, हे त्याने सायंकाळी आपल्याला सांगायचे. बहुतेक उमेदवार ही जागा भरत नाहीत, आणि सगळे बोलत राहतात.

शेवटचे 48 तास. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 नुसार मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या 48 तासांत सभा, मिरवणुका आणि पडद्यावरचा प्रचार बंद होतो. भोंगे उतरतात आणि घरोघर जाऊन शांतपणे बोलणे तेवढे उरते. या काळात चिन्ह आणि मतदान यंत्रावरचा क्रमांक सोडून दुसरे काही सांगण्याच्या फंदात पडू नये. 2024 च्या लोकसभेला सातारा मतदारसंघात शरद पवारांच्या पक्षातर्फे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर लढलेले शशिकांत शिंदे सुमारे 32 हजार मतांनी पडले, आणि त्याच यंत्रावर पिपाणीसारखे दिसणारे चिन्ह असलेल्या एका अपक्षाला 37 हजारांच्या आसपास मते मिळाली. ती सगळी मते चुकून गेली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण पक्षाने तशी तक्रार जाहीरपणे केली आणि चिन्ह नवे होते हे खरेच आहे. तेव्हा नमुना मतपत्रिका भरपूर छापा, तिच्यावर उमेदवाराचा फोटो लहान आणि चिन्ह मोठे ठेवा, आणि ती देणाऱ्या बूथच्या कार्यकर्त्याला एकच काम सांगा: ज्येष्ठ मतदाराच्या हातात कागद दिल्यावर तिथून लगेच निघू नये, आपला क्रमांक कितवा आणि चिन्ह कोणते, हे त्यांच्याकडून बोट ठेवून दाखवून घ्यावे आणि मगच पुढच्या घराकडे वळावे.